लिंबानं धुतलेले हात

रविवारी दुपारी ताटातला शेवटचा घास संपला की जगन नाखवा वेटरकडे लिंबाची एक जास्तीची फोड मागायचा. ती जेवणासाठी नसे. खानावळीच्या बेसिनपाशी उभं राहून तो ती फोड दहाही बोटांवर घासायचा, नखांच्या कडांत रस जिरवायचा, मग साबण लावायचा, मग पुन्हा पाणी. त्याच्या मागे बायको नयन उभी असे आणि तिच्या मागे मुलगी हेमाली. तिघांचं धुऊन झालं की जगन एकेकीचा हात नाकाशी धरून बघायचा.

"पास," तो म्हणायचा.

"पप्पा, एअरपोर्टवर पण एवढं चेकिंग नसतं," त्या रविवारी हेमाली म्हणाली. "एक काम करा, दारात मशीनच लावा. मासा डिटेक्टर."

"हसू नकोस. लिफ्टमध्ये कुणी भेटलं म्हणजे कळेल."

राहायचं डोंबिवलीला आणि मासे खायला यायचं कल्याणला, कारण डोंबिवलीत सोसायटीतलं कुणी दिसलं तर काय घ्या! गेली पाच वर्षं हे असंच चाललं होतं. निघताना आईला सांगायचं, थोडं काम आहे, जाऊन येतो.

परत येताना रिक्षात नयन बडीशेपेची पुडी फिरवत म्हणाली, "आईंना खिचडी वाढून ठेवलीय. जेवल्या असतील की नाही, देव जाणे."

जेवल्या नव्हत्या. सहाव्या मजल्यावरच्या त्या स्वच्छ, उजेडाच्या घरात शेवंतीबाई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. मुगाची खिचडी ताटलीत कमी आणि गाऊनवर जास्त होती. ज्या बाईनं सगळं आयुष्य नऊवारी लुगडं घट्ट काष्टा मारून नेसलं, ती वर्षभरापासून चेन लावलेल्या गाऊनमध्ये होती. लुगड्याची गाठ तिच्या बोटांना जमेनाशी झाली होती. घरातल्यांना वाटलं, म्हातारीला आता आळस आला.

"आई, पुन्हा सांडलंस?" जगनचा आवाज चढला.

"हातातून गेलं रे. चमचा धरलाय का सुटलाय, मना समजतच नाय. आनि जीभ जलते."

"ॲसिडिटीची गोळी दिलीस ना गं?" त्यानं नयनला विचारलं.

"सकाळीच दिली. रोज देते."

शेवंतीबाईंनी मान वर करून मुलाकडे पाहिलं. एक लांब श्वास घेतला. "काम झालं तुमचं?"

"झालं, आई."

"बरं झालं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा खिचडीकडे बघत बसल्या.

कोपरीला, खाडीच्या अंगाला, शेवंतीबाईंचं जुनं घर होतं. नवरा भिवाजी होडी घेऊन खाडीत जायचा आणि त्यानं आणलेली बोय, कोलंबी, चिंबोऱ्या शेवंती बाजारात बसून विकायची. तिची जीभ जेवढी तिखट, तेवढीच बोटं हुशार. लहानपणी जगनला ती मासा भरवायची तेव्हा बघायची सुद्धा नाही. एकीकडे गिऱ्हाइकाशी भांडण चालू आणि दुसरीकडे अंगठा नि दोन बोटं तुकडीतून फिरताहेत. केसाएवढा काटाही त्या बोटांतून सुटायचा नाही. "माज्या हातचा घास डोले मिटून गिल," असं ती म्हणायची, आणि जगन खरंच डोळे मिटून गिळायचा.

पुढे खाडीचं पाणी काळं झालं, होडी विकली गेली, भिवाजी वारला. जगन शिकला, विमा कंपनीत लागला, आणि डोंबिवलीच्या या नव्या संकुलात त्यानं घर घेतलं. कोपरीत तो आईला 'आये' म्हणायचा. इथं आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याच्या तोंडी 'आई' आलं.

त्याच आठवड्यातली गोष्ट. शेवंतीबाईंनी बरोबर आणलेल्या डब्यातले सुके बोंबील ऊन दाखवायला खिडकीत पसरले. संध्याकाळी जगन लिफ्टमध्ये शिरला तर आत सोसायटीचे सेक्रेटरी आणि आणखी तिघं-चौघं.

"सहाव्या मजल्यावर उंदीर मेलाय की काय?" सेक्रेटरी नाकाला रुमाल लावून म्हणाले.

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं जगन हसला.

त्या संध्याकाळी त्यानं बोंबील, सुकट, जवळा, सगळं दोन पिशव्यांत गुंडाळलं आणि स्टेशनजवळच्या कचराकुंडीत टाकून आला. शेवंतीबाई डबा शोधत होत्या.

"आई, इथं हे चालत नाही."

"कोन बोललं?"

"कुणी बोलायला कशाला हवं? आपल्याला कळायला नको?"

सोसायटीच्या नियमांत माशांबद्दल एक अक्षर नव्हतं. तक्रार घेऊनही कुणी आलं नव्हतं. पण शेवंतीबाई "बरं" म्हणाल्या आणि त्यानंतर त्यांनी मासळीचं नाव काढलं नाही.

घर शाकाहारी झालं असं जगन अभिमानानं सांगू लागला. खरं पाहिलं तर घरात शाकाहारी एकच माणूस झालं होतं. जगन ऑफिसजवळच्या हॉटेलात बांगडा खायचा, नयन माहेरी गेली की मनसोक्त जेवून यायची, हेमाली कॉलेजच्या कँटीनमध्ये ऑम्लेट हाणायची, आणि रविवारी तिघं मिळून कल्याणला. जी बाई घराचा उंबरठा एकटीनं ओलांडत नव्हती, ती तेवढी चहा-बिस्किटं, वरणभात आणि मुगाच्या खिचडीवर राहिली. म्हाताऱ्या माणसाला हलकंच बरं, असं सगळेच म्हणत होते. दूध तिला लहानपणापासून आवडत नव्हतं. चहात पडेल तेवढंच.

गेल्या वर्षी आईच्या पायाला मुंग्या येतात म्हणून जगन तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला होता. डॉक्टरांनी साखर तपासली. ती ठीक निघाली. मग त्यांनी विचारलं, "आहार कसा? शाकाहारी की मांसाहारी?"

जगन खुर्चीत जरा ताठ बसला. इथं सोसायटीतलं कुणी ऐकत नव्हतं. "कोळी आहोत डॉक्टर आम्ही. मासे नसले तर घास उतरत नाही घशाखाली."

"वा! मग बी-ट्वेल्व्हची काळजी नाही," डॉक्टर हसले. "खाता ना आजी मासे?"

शेवंतीबाईंनी एकदा मुलाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "खाते की," त्या म्हणाल्या.

"वयाप्रमाणे नसा कमजोर होतात," असं म्हणून डॉक्टरांनी कॅल्शियम लिहून दिलं. जिभेची आग आणि छातीत जळजळ होते म्हटल्यावर पोटातलं आम्ल कमी करणारी गोळी दिली. महिनाभराने पुन्हा दाखवा, असंही म्हणाले. जगननं पुन्हा दाखवलं नाही. गोळी मात्र चालू ठेवली. बाहेर पडताना तो समाधानात होता. आपल्याच तोंडून आपण आईच्या उपचाराची वाट बंद करून आलो, हे त्याला तेव्हा कसं कळावं?

त्यानंतरच्या वर्षात शेवंतीबाई तीनदा पडल्या. हेमालीला त्या भाचीच्या नावानं हाक मारू लागल्या. गॅस चालू ठेवून विसरल्या, तेव्हा नयननं त्यांना स्वयंपाकघर बंद केलं. मग घराला बाहेरून कडी लावून जायला सुरुवात झाली. "वय झालं आता," जगन सगळ्यांना सांगायचा. 'वय झालं' म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही.

त्या खिचडीच्या रविवारी संध्याकाळी शेवंतीबाई चौथ्यांदा पडल्या. बेसिनपाशी. कपाळाला खोक पडली. जगननं जखमेवर कापूस धरला आणि त्याचा तोल सुटला. "किती वेळा सांगितलं, हाक मारत जा म्हणून! लहान आहेस का तू आता?"

हेमाली दारात उभी होती. ती जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करत होती. कुठल्याही गोष्टीला 'का' विचारायची तिला सवय होती, आणि त्या सवयीपायी घरात बोलणीही खायची. "आजी, तू काय करत होतीस तेव्हा?"

"तोंड धूत व्हते."

"मागच्या वेळी पण तोंडच धूत होतीस. त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी आंघोळ. डोक्यावर पानी घेतलं नि गेले."

 हेमालीनं आजीला हळूच उभं केलं. "पप्पा, बाजूला उभे राहा. हात लावू नका, पण पकडायला तयार राहा. आजी, पाय जुळवून उभी राहा. हां. आता डोळे मीट."

डोळे उघडे असताना शेवंतीबाई बऱ्यापैकी उभ्या होत्या. ते मिटताच त्यांचं सगळं शरीर वाऱ्यावरच्या डोलकाठीसारखं झुललं आणि जगननं त्यांना झेललं नसतं तर त्या पुन्हा पडल्या असत्या.

"पाय जमिनीवर कुठं आहेत ते तिच्या मेंदूला कळतच नाहीये," हेमाली म्हणाली. "डोळ्यांनी बघते म्हणून उभी राहते. तोंड धुताना डोळे मिटतात, म्हणून पडते. आजी, जीभ दाखव."

तिनं त्यांना पलंगावर बसवून पाहिलं. जीभ लालभडक होती आणि काचेसारखी गुळगुळीत.

"पप्पा, बी-ट्वेल्व्ह चेक केलं होतं?"

"डॉक्टर म्हणाले गरज नाही."

"असं कसं म्हणाले? तुम्ही काय सांगितलं होतं त्यांना?"

जगननं आईच्या कपाळावर पुन्हा कापूस धरला. तो लाल होत चालला होता.

"पप्पा, आजीच्या खाण्याचं काय सांगितलं?"

"सांगितलं... आपण मासे खातो म्हणून."

"आपण?" हेमालीचा आवाज फाटला. "आजीनं शेवटचा मासा कधी खाल्ला, ते तरी आठवतंय का तुम्हाला? मम्मी, तुला आठवतंय? हे व्हिटॅमिन भाजीत नसतं, डाळीत नसतं. मासे, अंडी, मटण, दूध, एवढ्यातच. शरीरात साठा असतो म्हणून तीन-चार वर्षं कळत पण नाही. म्हातारपणी आधीच ते नीट शोषलं जात नाही, त्यात आपण तिला रोज ॲसिडिटीची गोळी देतोय. त्यानं आणखी कमी होतं. आणि मी हे सगळं परीक्षेत लिहून आलेय. मार्क पण मिळाले मला. दर रविवारी तिच्यासमोर हात धुऊन येऊन बसते आणि..."

नयन भिंतीला टेकून खाली बसली. "खिचडी मीच करत होते," एवढंच ती म्हणाली.

"पोराला कशाला वरडतेस गं?" पलंगावरून शेवंतीबाई म्हणाल्या. "त्याचा काय गुना? मना सगलं ठावं हाय."

"काय ठाऊक आहे, आई?"

"आज हलवा व्हता. मागल्या रविवारी कोलंबी. त्याच्या आधी सुरमई, पन ताजी नव्हती ती, बरफातली." त्यांनी हळूच मान हलवली. "लिंबानं हाताचा वास जातो रे. अंगाचा नाय जात. पन्नास वर्सं मासली इकली मी."

रस्त्यावरून भाजीवाल्याची आरोळी वर येत होती.

"मग बोलली का नाहीस?" जगन कसाबसा म्हणाला. "एकदा तरी बोलायचं. डॉक्टरांसमोर तरी!"

"तू लाजत व्हतास," शेवंतीबाई म्हणाल्या. "डागदरासमोर पोराला खोटं पाडू का मी?"

ठाण्याच्या मेंदुविकारतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंनी रक्तातल्या बी-ट्वेल्व्हचा आकडा पाहिला आणि कागद उलटा ठेवला. त्यांनी तळपायाला ट्यूनिंग फोर्क, धातूचा कंप पावणारा काटा, लावला. शेवंतीबाईंना तो लावला आहे हेही कळलं नाही.

"किती दिवस झाले ह्याला?"

जगननं या वेळी सगळं सांगितलं. लिफ्टमधल्या हसण्यापासून. डॉक्टरीणबाईंनी मध्ये एकदाही टोकलं नाही. तो बोलायचा थांबल्यावर त्या म्हणाल्या, "इंजेक्शनं आजपासून सुरू करू. नुसते मासे खाऊन हे आता भरून निघणार नाही, हे लक्षात ठेवा. जिभेची आग थांबेल. विसरणंही बरंच कमी होईल, कदाचित. ती रोजची गोळी खरंच हवी का, तेही बघू."

"आणि हात-पाय?"

"थोडे सुधारतील."

"पूर्ण?"

"गेल्या वर्षी आला असतात तर जास्त खात्रीनं सांगितलं असतं."

गेल्या वर्षी आलोच होतो, असं जगनच्या ओठांवर आलं. शेजारी शेवंतीबाई भिंतीवरच्या मज्जारज्जूच्या चित्राकडे बघत होत्या. "मोठ्या माशाचा काटा हाय जनू," त्या हेमालीच्या कानात म्हणाल्या, आणि कितीतरी महिन्यांनी हेमाली आजीच्या बोलण्यावर हसली, आणि हसता हसता रडली.

इंजेक्शनांनी गुण आला. जीभ निवली. पावसाळा संपेस्तोवर शेवंतीबाई हेमालीला हेमाली म्हणू लागल्या, इतकंच काय, चहात साखर कमी पडली म्हणून नयनशी भांडल्याही. नयनला ते भांडण इतकं गोड वाटलं की तिनं दारावरची बाहेरची कडी त्याच दिवशी काढून टाकायला लावली. पाय मात्र जड राहिले. चालताना काठी आली. बोटं सुन्न ती सुन्नच.

एका रविवारी जगन सकाळीच कोपरीला गेला. जुन्या ओळखीच्या ठमाबाईकडून त्यानं बोय घेतली. ठमाबाई पिशवीवर आणखी दोन पिशव्या गुंडाळायला लागली तेव्हा तो म्हणाला, "राहू दे मावशी, अशीच दे." डोंबिवलीला उतरून तो चालत सोसायटीत शिरला. लिफ्टमध्ये दोन बायका होत्या. त्यांच्यापैकी एकीनं पिशवीकडे पाहिलं. जगनच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. सहावा मजला येईपर्यंत तो आकड्यांकडे बघत राहिला, पण त्यानं पिशवी मागे लपवली नाही.

नयननं लसूण ठेचली, चिंच कोळली, मसाला लावला. तव्यावर पहिली तुकडी चर्र झाली तशी ती सवयीनं खिडकी लावायला गेली.

"उघडीच राहू दे," जगन तिच्या हातातलं उलथनं घेत म्हणाला. "दार पण उघड."

थोड्या वेळानं समोरच्या फ्लॅटचं दार किलकिलं झालं. रत्नदीप बाहेर आला. पाच वर्षं समोरासमोर राहून 'गुड मॉर्निंग'पलीकडे बोलणं नव्हतं. त्याच्या मागून त्याची बायको मृणाल डोकावत होती. जगननं हातातलं उलथनं घट्ट धरलं.

"नाखवासाहेब, तुमच्याकडे मासे?"

"हो. माझ्या आईसाठी. काही अडचण असेल तर..."

"अहो अडचण कसली!" रत्नदीपनं कपाळावर हात मारला. "आम्ही तुम्हाला माळकरी समजत होतो! तुम्हाला वास येऊ नये म्हणून आम्ही सुकट खायला हिच्या माहेरी मोहन्याला जातो. दर महिन्याला!"

"आणि आमच्या आबांना तिथपर्यंत नेता येत नाही," मृणाल मागून म्हणाली. "गुडघे गेलेत त्यांचे. ते आपले वरणभातच..." ती मध्येच थांबली.

जगननं दोघांकडे पाहिलं. "आबांचं रक्त तपासून घ्या," तो म्हणाला. "उद्याच घ्या. आणि डॉक्टरांनी काय खातात विचारलं, तर ते काय खातात ते सांगा. तुम्ही काय खाता ते नव्हे."

एवढ्यात जिन्यावरून सेक्रेटरी आले. त्यांनी रुमाल काढलेलाच होता. "नाखवा, वास खालपर्यंत येतोय हो. निदान दार-खिडकी तरी लावा."

पाच वर्षांपूर्वीचं ते हसू जगनच्या घशात पुन्हा आलं. हसलं की विषय संपला असता. त्याला तेवढी सवय होती.

"नाही लावणार," तो म्हणाला. "माझी आई कोळीण आहे. ती तिच्या घरात जेवतेय. तुम्हाला चालत नसेल तर मीटिंगमध्ये मांडा, मी तिथं येऊन हेच बोलेन. पण त्या दिवशी लिफ्टमध्ये मी हसलो होतो ना, ते मी आज परत घेतो."

सेक्रेटरींना कुठला दिवस ते आठवलंही नाही. ते "नियम आणि शेजारधर्म" असं काहीतरी पुटपुटत खाली गेले.

शेवंतीबाई जेवायला बसल्या. तांदळाची भाकरी, कालवण, तळलेली बोय. नयननं पदर खोचून दिलेलं लुगडं त्यांच्या अंगावर होतं. गाठ हेमालीनं मारली होती. त्यांनी तुकडी उचलली आणि जुन्या सवयीनं अंगठा नि दोन बोटं तिच्यातून फिरवू लागल्या. चेहऱ्यावर तीच बाजारातली ऐट होती. जगन लहान मुलासारखा बघत राहिला.

"ताजी हाय," त्या म्हणाल्या. "ठमीकडची?"

"हो."

मग त्याला ते दिसलं. अंगठ्याच्या पेरात एक काटा आरपार रुतला होता. रक्ताचा थेंब कालवणात उतरत होता. शेवंतीबाई तशाच घास करत होत्या.

"आये, थांब! काटा टोचलाय तुला."

"कुठं?" त्यांनी हात डोळ्यांसमोर धरला आणि दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसा त्याच्याकडे पाहिलं.

जगननं काटा उपसला, अंगठा पुसला. मग आईचं ताट स्वतःकडे ओढून तुकडी हातात घेतली. त्याला सवय नव्हती. पहिला काटा त्याच्या बोटात शिरला तेव्हा कळ डोक्यापर्यंत गेली. ती पोचली याचीच त्याला लाज वाटली. तो चाचपत राहिला, एकेक काटा काढून ताटाच्या कडेला ठेवत राहिला. घास तयार झाला तसा त्यानं तो पुन्हा मोडला आणि पुन्हा तपासला. ज्यानं पाच वर्षं आपल्या आईचं ताट तपासलं नव्हतं, त्याला एका घासाचा भरवसा वाटेना.

"दे की रे," शेवंतीबाई म्हणाल्या. "भूक लागलीय मना."

त्यांनी तोंड उघडलं. आणि डोळे मिटून घेतले.